आरसा, इशारा आणि चुलत साडू

रोह्यात माणूस कंपनीतून निवृत्त झाला की सगळ्या गावाला त्याची काळजी लागते. ‘आता दिवसभर करता काय?’ असं विचारणारे इतके भेटतात की त्यांना उत्तरं देण्यातच दिवस जातो. मी धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या सेफ्टी खात्यात होतो. जन्मभर पिवळं हेल्मेट घालून लोकांना ‘पडाल’, ‘भाजाल’, ‘घसराल’ एवढंच सांगितलं. हे काम मी लग्नाकार्यातही फुकट करायचो, म्हणून नातेवाईक मला पंगतीत जरा लांबच बसवायचे. निवृत्त झालो आणि त्याच नातेवाइकांच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला जिथे तिथे धोका दिसतो, तो पोरांना गाडी शिकवायला बरा. शिवाय त्याच्याकडे गाडी आहे. शिवाय तो पैसे मागायचा नाही.

तिघंजण जमले. पहिला भाचा, त्याला गाडी येतच होती, फक्त लायसन नव्हतं, असं त्याचं म्हणणं. दुसरे शेजारचे गुरुजी. अर्ध्या तालुक्याला त्यांनी पाढे शिकवलेत, आणि आता मुलगा पुण्याहून आपली जुनी गाडी पाठवणार म्हणून या वयात शिकायला निघाले होते. तिसरी माझी बायको. तिची एकच अट, ‘ओरडायचं नाही.’ मी म्हटलं, ‘मी कधी ओरडतो?’ त्यावर घरातले सगळेच दुसरीकडे बघायला लागले.

मागच्या सीटवर आई असायची. तिला काही शिकायचं नव्हतं, फिरायचं होतं.

मी पद्धतीचा माणूस. कंपनीत साधा व्हॉल्व्ह उघडायचा तरी आमच्याकडे छापील क्रम असे. गाडीचाही असणारच, म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे पुस्तक काढून बसलो. हे पुस्तक कुणी वाचत नाही, त्यामुळे देश फार मोठ्या करमणुकीला मुकला आहे. ड्रायव्हिंग स्कूलनं काय काय शिकवायचं त्याचा अभ्यासक्रम नियम ३१ मध्ये दिलाय. चौकाशी येताना काय करायचं, तेही त्यात आहे. आधी आरसा, मग इशारा, मग हालचाल. आणि त्या हालचालीच्या पोटात पुन्हा जागा, वेग, नजर. पुढे ड्रायव्हरच्या जबाबदाऱ्या येतात. दुसऱ्याचा विचार, सौजन्य, फाजील आत्मविश्वास, उतावळेपणा. म्हणजे उतावळेपणा हा विषय आपल्याकडे १९८९ पासून अभ्यासक्रमाला आहे. आपण प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी मिळवले, थिअरी तेवढी राहून गेली.

मूळ विद्या इंग्रजांची. १९३०च्या दशकात लंडनच्या हेंडनला पोलिसांची ड्रायव्हिंग शाळा निघाली, तिथे ही शिस्त बसवली गेली. पुढे १९५५ साली ‘रोडक्राफ्ट’ नावाचं पुस्तकही निघालं. सांगणं साधं आहे. पुढे धोका दिसला की क्रम सोडायचा नाही. आधी माहिती घ्या, मग गाडी योग्य जागी आणा, मग वेग आवरा, मग गिअर बदला, मग निघा. वाचून मला भरून आलं. इतक्या वर्षांत माझ्यासारखा विचार करणारं कुणीतरी भेटलं होतं, मग ते इंग्रज पोलीस का असेनात.

आरसा, इशारा, जागा, वेग, नजर, असे पाच शब्द पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून मी डॅशबोर्डला चिकटवले. गुरुजींनी पुठ्ठा बघितला, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘अक्षर सुधारा.’

गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावला. शिकाऊ माणूस चालवतोय, लांब राहा, एवढंच त्यातून लोकांना कळावं असा कायद्याचा हेतू. रोह्यात ‘एल’ दिसला की लोक जवळ येतात. पहिल्याच फेरीला गाडी एसटी स्टँडसमोर बंद पडली आणि मिनिटाभरात चहूबाजूंनी सल्लागार उभे राहिले. मिनीडोरवाला म्हणाला, ‘क्लच हळू सोडा.’ पानवाला म्हणाला, ‘रेस द्या.’ सायकल धरून उभे असलेले एक आजोबा म्हणाले, ‘पेट्रोल आहे का बघा.’ ज्यांनी आयुष्यात बैलगाडीसुद्धा हाकली नव्हती, तेही हातानं ‘येऊ दे, येऊ दे’ करत होते. गाडी पुढे जायची होती आणि ते सगळे मागे उभे होते.

शिकणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला गाडी ताब्यात घेता किंवा थांबवता आली पाहिजे, असंही नियम सांगतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला डबल कंट्रोल असतो. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक. माझ्या पायाखाली पायपुसणं. हाताशी हँडब्रेक, आणि रोहेकर असल्यामुळे तोंडाशी ग्रामदैवत धावीर महाराज. भाच्याच्या हाती स्टिअरिंग गेल्यापासून मी दोघांनाही सारखाच त्रास दिला.

रविवारी धाटावच्या एमआयडीसीत रस्ते रिकामे असतात. कडेनं टँकर रांगेत उभे, त्यांचे क्लीनर खाली स्टोव्हवर भात टाकून बसलेले. पहिले धडे तिथेच.

‘समोर टँकर उभा आहे,’ मी भाच्याला म्हटलं. ‘आता काय करशील?’

‘काय करायचंय? तो उभाय.’

‘त्याच्या पुढून एखादा क्लीनर भांडं घेऊन बाहेर आला तर?’

‘हॉर्न मारीन.’

‘त्याआधी?’

‘त्याआधीपण हॉर्न मारलेलाच असणार मी.’

‘आरसा बघायचा!’

‘मामा, तू पण ना. मी पुढे चाललोय, मागचं बघून काय करू?’

आरशाशी भाच्याचं वैर होतं असं नाही. सिग्नलला, म्हणजे रोह्यात सिग्नल नाहीत, तर फाटकाला किंवा गर्दीला गाडी थांबली की तो आरसा खाली ओढून केस बघायचा. नंतर तो आरसा तसाच राही आणि मागच्या काचेऐवजी त्याची हनुवटी दाखवी. मी आरसा सरळ करायचा, त्यानं पुन्हा खाली ओढायचा. त्याचं क्रमाचं पाठांतर मात्र चोख. गाडी खड्ड्यात आदळताना तो ‘आरसा, इशारा, जागा, वेग, नजर’ असं रामरक्षा म्हटल्यासारखं म्हणायचा आणि पाचातलं एकही करायचा नाही.

यात एकट्या पोराचा दोष नाही. या पिढीनं रस्त्यावर वेगळाच क्रम पाहिलाय. हॉर्न, मग घूस, मग हात दाखव. हात कशासाठी दाखवायचा हे माणसागणिक बदलतं. कुणी माफी मागतो, कुणी आभार मानतो, कुणी दोन्ही एकाच हातानं उरकतो. ट्रकांच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ पुसून टाका, असा हुकूम महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली काढला. लोक त्या पाटीमुळे उगाच हॉर्न वाजवतात, असं म्हणणं होतं. पुष्कळ ठिकाणी पाटी पुसली गेली. हॉर्न पाठ झालेला होता.

गुरुजींचं याच्या अगदी उलट. पुठ्ठ्यावरचे शब्द ते आकड्यांनी ओळखत आणि मोठ्यानं हजेरी घेत. ‘पहिलं!’ म्हणून मान वर करून आरसा. ‘दुसरं!’ म्हणून इशारा. इंडिकेटरवर त्यांचा विश्वास नव्हता. परीक्षेत हाताचे इशारे विचारतात ना, मग हातच. उजवीकडे वळायचं म्हणून त्यांनी भर बाजारपेठेत उजवा हात काचेबाहेर सरळ काढला आणि तो कुणीतरी पकडला.

‘गुरुजी! ओळखलंत का?’

माजी विद्यार्थी. गुरुजींनी तोंडाकडे बघितलं, बॅच आठवली, वडिलांची चौकशी केली. हात सोडवून घेणं बरं दिसलं नसतं. गाडी न्यूट्रलमध्ये, मागे टेम्पो, टेम्पोच्या मागे मासळीच्या टोपल्या भरलेली मिनीडोर, आणि त्यामागची सगळी बाजारपेठ हा सत्कार संपायची वाट बघत होती. टेम्पोवाला चिडून खाली उतरला. जवळ आला, आत वाकला आणि म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही होय? मी पण तुमच्याच हाताखालचा.’ मग त्यानं दुसरा हात धरला.

त्या दिवसापासून आम्ही गुरुजींना बाजाराकडे नेलं नाही. कुंडलिकेच्या पुलावरून अष्टमीच्या बाजूला न्यायला लागलो. पुलावर कुणी हात धरायला उभं राहत नाही, फार तर गळ टाकून बसलेला एखादा मागे वळून बघतो.

कंपनीत आमची एक वही असे. अपघात झाला नाही पण थोडक्यात हुकला, की त्यात लिहायचं. आम्ही त्याला ‘नियर मिस’ म्हणायचो. तशीच वही मी गाडीत ठेवली. ठिकाण, धोका, केलेली कृती, उपाय, असे रकाने आखले. पहिल्या काही पानांवर मी गंभीरपणे ‘खड्डा’, ‘बैल’, ‘उलट्या बाजूनं आलेली मोटारसायकल, वर तिघं आणि एक पंखा’ असं लिहिलं. नंतर वही वाचली तेव्हा ध्यानात आलं की धोक्याच्या रकान्यात जनावरं थोडी आणि नातेवाईक जास्त आहेत. एक नोंद अशी: ‘ठिकाण: पोस्टाजवळ. धोका: चुलत साडू, समोरून, स्कूटरवर. कृती: साडूने रस्त्याच्या मधोमध स्कूटर थांबवून काचेवर टकटक केली व ‘शनिवारी येताय ना?’ असे विचारले. उपाय:’ आणि पुढे कोरं. उपाय असता तर बायकोच्या माहेरच्या माणसांनी मला आधीच सांगितला असता.

इंग्रजांच्या पुस्तकात हा धोका नाही. वळण आहे, चौक आहे, निसरडा रस्ता आहे, पादचारी आहेत. पण ओळखीचा माणूस नाही. आमच्याकडे अनोळखी माणूस रस्ता ओलांडतो तेव्हा निदान एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातो. ओळखीचा माणूस मध्येच थांबतो. ‘आपल्यातलीच गाडी आहे’ हे कळलं की तो स्वतःला सुरक्षित समजतो आणि हळूहळू बोनेटवर कोपर टेकवतो.

बायको मात्र क्रम पुरा पाळायची. इतका पुरा की मला जड जाऊ लागला. रस्त्याच्या कडेला कोंबडी दिसली की तिनं आरसा बघावा, इशारा द्यावा, गाडी सावरावी, वेग कमी करावा, पार थांबवावी आणि मग नजर.

‘अगं चल ना.’

‘अहो, ती अजून विचार करतेय.’

‘कोंबडी?’

‘तिचं ठरू दे.’

मागे हॉर्नचा कल्लोळ झाला. एसटीचा ड्रायव्हर डिपर मारून मारून थकला आणि शेवटी त्यानं इंजिन बंद केलं. कंडक्टर खाली उतरून विचारायला आला, ‘काय झालं वहिनी?’ बायकोनं बोट दाखवलं. कंडक्टरनंही कोंबडीकडे बघितलं. कोंबडी जिथून आली होती तिथेच परत गेली. तेव्हा बायकोनं माझ्याकडे जे बघितलं ते नियम ३१ मधल्या सौजन्यात बसणारं नव्हतं.

त्यातल्या त्यात खरी विद्वान आई निघाली. क्रमाबिमाशी तिचा काही संबंध नव्हता. ती मागच्या काचेला नाक लावून बसायची आणि रस्ता वाचायची.

‘ती गाय डावीकडे जाईल.’

‘कशावरून?’ भाचा.

‘तिचं घर तिकडेय.’

गाय डावीकडे गेली.

‘तो पोर बॉलमागे येणार बघ.’

‘बॉल कुठेय?’

‘येईल आता.’

कुंपणावरून बॉल आला. बॉलमागे पोर आलं. भाच्यानं ब्रेक मारला तो आईच्या भरवशावर.

‘त्या बाईला साईड देऊ नको, ती चालेल अजून बराच वेळ. तिला समोरच्या घरच्यांशी बोलायचं नाहीये, ते घर मागे पडेपर्यंत ती रस्ता ओलांडायची नाही.’

इंग्लंडात २००२ पासून शिकाऊ ड्रायव्हरची वेगळी परीक्षा घेतात. कॉम्प्युटरवर रस्त्याची चित्रफीत लावतात आणि धोका आकार घेताना दिसला की उमेदवारानं बटण दाबायचं. जितक्या लवकर दाबाल तितके गुण जास्त. आईला तिथे बसवलं तर ती चित्रफीत सुरू व्हायच्या आधीच बटण दाबेल, आणि वर परीक्षकाला सांगेल की त्या सायकलवाल्याचा घरात वाद झालेला दिसतोय. मी हे भाच्याला सांगितलं, कारण हेंडनच्या लोकांना जी ‘माहिती’ म्हणायची होती ती हीच. त्यानं ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो रस्त्याकडे न बघता मागे वळून विचारायला लागला, ‘आजी, पुढे काय?’

लर्निंग लायसनला तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. ते दिवस भरल्यावर तिघांनी मिळून पेणच्या आरटीओची तारीख घेतली. तारीख पडली ऐन गणपतीच्या तोंडावर, पावसात. पहाटे निघालो. भिसे खिंड चढताना स्टिअरिंग बायकोकडे होतं. चढावर गाडी थांबवून, मागे न घसरता पुन्हा उचलणं हे परीक्षेत बघतात, हे मी तिला आदल्या रात्री जेवताना सांगितलं होतं. खिंडीत रस्त्यावर वानरांचं कुटुंब बसलं होतं. त्यामुळे थांबण्याचा सराव आपोआप झाला. उचलण्याचा सराव वानरांच्या मर्जीवर राहिला. एक हुप्प्या बोनेटवर चढून वायपरशी खेळू लागला, तशी ती म्हणाली, ‘अहो, आता इशारा कुठला द्यायचा?’ त्याला पुस्तकात उत्तर नव्हतं. आईनं केळ्याचा घड मागच्या खिडकीतून लांब फेकला आणि रस्ता मोकळा झाला. तो घड मी परीक्षेनंतर खायला घेतला होता.

नागोठण्याला मुंबई-गोवा हायवे लागला आणि स्टिअरिंग भाच्याकडे गेलं. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं तेव्हा भाचा बालवाडीत होता. दोघं बरोबरीनं वाढले. आमचा भाचा बारावी झाला, मिशी आली, आणि हायवेवर अजून ‘वळण पुढे आहे’ अशा पाट्या इकडच्या तिकडे हलवणं चालूच होतं. इथे पाच पायऱ्यांचा क्रम पाळायचा तर एका खड्ड्यासाठी आरसा बघेपर्यंत पुढचे तीन खड्डे होऊन जातात. भाच्यानं स्वतःचा क्रम काढला. पुढचा ट्रक जिकडे झुकेल तिकडे झुकायचं. ‘तो रोजचा आहे मामा, त्याला पाठ आहेत.’ मी विरोध केला नाही. मला बोलताच येत नव्हतं, जीभ दातांखाली सापडली असती.

परीक्षेत उमेदवाराला काय काय यायला हवं त्याची यादी नियम १५ मध्ये आहे, आणि तिच्यातलं पहिलंच काम म्हणजे आरसा नीट लावणे. भाच्यानं गाडीत बसल्या बसल्या आरशाला हात घातला आणि केस बघितले. इन्स्पेक्टरांना वाटलं, आरसा लावतोय. तिघंही पास झाले. त्या परीक्षेबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही, कारण त्या मैदानावर गाय नव्हती, एसटी नव्हती आणि साडूही नव्हता.

लायसन पोस्टानं येणार होतं, म्हणून ‘एल’ तसाच ठेवून परत निघालो. गुरुजी म्हणाले, ‘आता मी.’ पास झाल्यानं त्यांना हुरूप आला होता. वडखळ ओलांडलं आणि पुढे एक टेम्पो लागला. पेणच्या मूर्ती कोकणात निघाल्या होत्या. हमरापूर-जोह्याकडून या दिवसांत असे टेम्पो सारखे सुटतात. आत गवताच्या पेंढ्यांत दाटीनं उभे गणपती, वर निळी ताडपत्री, आणि ड्रायव्हर अंड्यांवरून चालावं तसा वीसच्या वेगानं खड्डे चुकवत चाललेला. त्याच्यामागे गाड्यांची लांब रांग. एरवी याच रस्त्यावर जे लोक अँब्युलन्सच्याही पुढे काढतात, ते सगळे इथे मुकाट चालले होते. हॉर्न कुणी वाजवत नव्हतं.

‘गुरुजी, मागेच राहा,’ मी म्हटलं.

‘संध्याकाळी गावात मीटिंग आहे,’ गुरुजी म्हणाले. ‘क्रमानं काढतो.’

‘पहिलं!’ म्हणून त्यांनी आरसा बघितला. ‘दुसरं!’ म्हणून इंडिकेटर दिला, चक्क इंडिकेटर. ‘तिसरं!’ गाडी बेतानं उजवीकडे आली. ‘चौथं!’ वेग हवा तेवढाच. भाचा मागून पुढे वाकला. बायकोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं, कारण इतक्या दिवसांत गुरुजी चौथ्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते. तेवढ्यात वाऱ्यानं ताडपत्रीचं एक टोक उडालं आणि मागच्या रांगेतला भलामोठा गणपती आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

गुरुजींनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले.

‘गुरुजी, हात! हात!’ मी हँडब्रेक ओढला. मागे आईनंही हात जोडलेले, तिला धरायला काहीच नव्हतं, ती पुढे भाच्यावर आली. गाडी टेम्पोच्या फाळक्यापासून हातभर अंतरावर थांबली. ‘हे काय करताय?’

‘पाचवं,’ गुरुजी म्हणाले.